हिशेब वहीपाशी यावा

किर्द आणि खतावणी यांचे नाते आपल्या व्यापारी घरांत लहान मुलांसही ठाऊक असते. किर्दीत रोजचा व्यवहार उतरतो आणि ओळीच्या बाजूस खातेपानाचा एक बारीक आकडा पडतो. त्या आकड्यावरून मुनीम खतावणीतील नेमके पान उघडतो. गिऱ्हाइकाचे नाव, गाव, येणे पुन्हा पुन्हा लिहावे लागत नाही. सन १९७० मध्ये आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी माहितीची निरनिराळी कोष्टके समान खुणेने एकमेकांस जोडण्याची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. आजचे पुष्कळसे डेटाबेस तिच्यावरच उभे आहेत. कॉड यांचे गणित खोल आहे खरे, पण त्यातील खुणेची कल्पना पाहून जुन्या मुनिमास फारसे नवल वाटले नसते.

वही अशी सुधारली. हिशेब काढण्याची रीत मात्र मागेच राहिली, असे आम्हांस वाटते. महिनाअखेरीस संगणकातील वहीची नक्कल काढावयाची, कोणीतरी ती हाताने नीटनेटकी करावयाची, आणि मग तिच्यावर अंदाज बांधावयाचे, हा प्रघात सर्वत्र दिसतो. रामनगरसारख्या ठिकाणी त्याची किंमत पावसाळ्यात कळते. सुपा धरणाच्या विस्थापितांनी वसलेले हे गाव बेळगाव-गोवा रस्त्यावर आहे, आणि घाटातील पाऊस वाहतुकीचे वेळापत्रक मानीत नाही. मीठ, तेल, तांदूळ, ताडपत्री किती भरावयाची, हे मे महिन्यातच ठरवावे लागते. समजा, एप्रिलअखेर नक्कल काढली तेव्हा ४० ताडपत्र्या विकलेल्या दिसत होत्या. पुढील आठवड्यात त्यांतील १२ परत आल्या आणि मूळ वहीत तशी नोंदही झाली. वही आता २८ म्हणते, नक्कल ४० म्हणत राहते, आणि भांडवल नकलेच्या शब्दावर अडकते. आपल्या शास्त्रांनी कूटलेखक्रिया हा सत्यव्रताचा अतिचार मानला आहे. येथे हेतू खोटा नाही, परंतु खोटा लेख तयार होतोच.

यावर उपाय अवघड नाही. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतरच्या दशकात रचलेली ‘आर’ ही संख्याशास्त्राची भाषा विनामूल्य मिळते, आणि ती डेटाबेसशी थेट जोडता येते. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेला ओडीबीसी हा अशा जोडणीचा रूढ मार्ग होय. आपल्यापैकी पुष्कळांकडे असलेल्या टॅलीतील माहितीही त्या मार्गाने वाचता येते. लाखभर ओळी उचलून आणण्याचेही कारण नाही: बेरीज डेटाबेसने आपल्या जागीच करावी आणि उत्तरापुरत्या चार ओळी पुढे पाठवाव्यात. परिग्रह जितका कमी तितका हिशेबही चपळ.

एक गोष्ट मात्र जपावयास हवी, कारण तीत जाणतेही फसतात. भाव कोरा असणे आणि भाव शून्य असणे एक नव्हे. नमुन्यादाखल फुकट दिलेल्या मालाचा भाव शून्य; लिहावयाचा राहिला तो कोरा. डेटाबेसला सरासरी विचारली तर तो कोऱ्या जागा मुकाट्याने वगळतो. ‘आर’ला तीच विचारली तर, वगळण्याची आज्ञा दिल्याखेरीज, ‘माहीत नाही’ असेच उत्तर येते. वही एकच असूनही उत्तरे दोन! आमच्या मते दुसरे उत्तर अधिक प्रामाणिक आहे. ते ऐकून मालक निदान कोरी जागा शोधावयास तरी उठतो.

थेट जोडणीने वहीच बिघडेल, ही भीती अनाठायी नाही. म्हणून हिशेब करणाऱ्यास केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा, लिहिण्याचा कदापि नाही. आणि परवलीचा शब्द आज्ञावलीच्या मजकुरात लिहून ठेवू नये. चालू वहीतील आकडे मागील तारखेच्या नोंदीने बदलतात, हाही आक्षेप खरा आहे. त्यासाठी प्रत्येक उत्तरासोबत ते काढल्याची तारीख, वेळ व विचारलेला प्रश्न जपून ठेवावा. याउलट गिऱ्हाइकांची नावे व दूरध्वनी क्रमांक असलेली नक्कल पेनड्राइव्हवरून परक्या हाती जाणे आम्हांस कितीतरी अधिक धोक्याचे वाटते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाने तर ही जबाबदारी कायद्याच्या कक्षेतच आणली आहे.

ही विद्या आपली नव्हे, असे काही वडीलधारे म्हणतील. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचिला आणि त्यात व्याजाच्या व्यवहारासही स्थान दिले, याचे त्यांस स्मरण द्यावेसे वाटते.

संघाने येत्या दिवाळीच्या वहीपूजनानंतर सभासदांच्या मुलामुलींसाठी एक छोटा वर्ग भरवावा, अशी आमची सूचना आहे. ‘आर’ आणि एसक्यूलाइट दोन्ही विनामूल्य आहेत. जागा संघाची आहेच. सरावासाठी मात्र कोणा सभासदाची खरी खाती घेऊ नयेत; नावे व रकमा बदललेली एक वही आधी तयार करावी, आणि त्या कामास एखाद्या जुन्या मुनिमास सोबत बसवावे.