डुकरांची वरात

२०१६ च्या उन्हाळ्यात शिल्लक रजा काढून मी इंग्लंडमधल्या इप्सविचला पुतणीकडे गेलो होतो. पहिल्याच सकाळी तिच्या सात वर्षांच्या मुलाने माझ्या हातात एक नकाशा कोंबला. ‘‘आजोबा, चला, डुकरं मोजायला!’’ बँकेत जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजले. डुकरं मोजायची पाळी प्रथमच आली.

गावभर माणसाच्या छातीएवढी रंगीत डुकरं उभी होती. कुणाच्या अंगावर फुलं, कुणाच्या अंगावर जहाजं. मुलं त्यांच्या पाठीवर चढत होती, म्हाताऱ्या शेजारी उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या. हा खटाटोप होता तिथल्या सेंट एलिझाबेथ हॉस्पिससाठी. एकेका डुकराचा खर्च एखादी कंपनी उचलते, चित्रकार ते रंगवतो, सुमारे दहा आठवडे गाव ते पाहतो आणि शेवटी लिलाव होऊन पैसा हॉस्पिसला जातो.

‘‘हॉस्पिस म्हणजे काय रे?’’ मी मुद्दाम विचारलं.

‘‘बरी न होणारी माणसं राहतात तिथे. त्यांना दुखू नये म्हणून,’’ नकाशावरून नजर न काढता तो म्हणाला. पोस्टाचा पत्ता सांगावा तसा. त्याच्या आईने मान फिरवली.

ती माझ्या थोरल्या भावाची मुलगी. २००९ साली दादांच्या अन्ननलिकेच्या कर्करोगावर इलाज संपला, तेव्हा रुग्णालयाने ‘आता घरी न्या’ एवढंच सांगितलं. दहिसरच्या दोन खोल्यांत ते सात आठवडे कण्हत होते. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून वहिनी रेडिओ मोठा लावायची. वांद्र्याला माउंट मेरीजवळ ‘शांती अवेदना सदन’ आहे, डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली उभं केलेलं देशातलं पहिलं हॉस्पिस, तिथे अशाच रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा होते, हे मला दादांच्या वर्षश्राद्धानंतर कळलं. दहिसरहून लोकलने पाऊण तासाचा रस्ता! दादांना तिथे जागा मिळाली असतीच असं नाही. पण आम्ही विचारलंही नाही, कारण विचारायचं काय हेच ठाऊक नव्हतं. हॉस्पिसला आपल्याकडे रुळलेला मराठी शब्दसुद्धा नाही. ‘तिथे नेलं’ म्हणजे ‘आशा सोडली’, आणि आशा सोडली असं चारचौघांत म्हणणार कोण?

रंगीत प्राणी मुंबईला नवे नाहीत. २०१८ साली ‘एलिफंट परेड’चे १०१ हत्ती देश फिरत इथेही आले होते. त्यांचा पैसा होता रानातल्या हत्तींच्या वाटा राखण्यासाठी. कामही चांगलंच. मात्र मरणाऱ्या माणसासाठी आपण असे उत्सवाने जमू का? गणपतीची वर्गणी मागायला जिने चढणारी मुलं ‘शेवटच्या आजाराची वर्गणी’ असं म्हणू शकतील? दारं पटापट लागतील, अशी मला भीती वाटते.

आता बँकवाल्याची शंका. लिलावाचा पैसा एकदाच येतो; खाटेवरच्या माणसाला औषध रोज लागतं. केरळमध्ये कोझिकोडला १९९३ पासून उभं राहिलेलं काम पाहा. तिथे लोक दरमहा थोडे थोडे देतात, आणि शेजारपाजारचेच स्वयंसेवक रुग्णाच्या घरी जातात. कायमचा आधार हवा तर हाच मार्ग. आमच्या भाषेत सांगायचं तर रिकरिंग. डुकरांच्या वरातीवर हॉस्पिस चालवायला निघालात तर दुसऱ्या वर्षी खातं कोरडं.

पण मला ती वरात हवी आहे ती पैशापेक्षा त्या पोराच्या उत्तरासाठी. सात वर्षांच्या मुलाला जो शब्द सहज येतो, तो त्याच्या घरातल्या मोठ्यांना ऐन वेळी परका वाटणार नाही. दादांच्या वेळी तो आमच्यापैकी एकाच्याही तोंडी असता तर एक तरी फोन झाला असता.

परवा सकाळी फिरायला निघालो तो हाच हिशेब डोक्यात घेऊन. स्टेशनाबाहेरची रिक्षांची रांग, नदीवरचा पूल, दोन शाळांची फाटकं, थेट मंडपेश्वरच्या लेण्यांपर्यंत. मूर्ती उभी करता येईल अशा अकरा जागा निघाल्या. डुकरं इथे चालायची नाहीत, हत्तीच बरे. बाराव्या जागेपाशी, दादांच्या जुन्या इमारतीच्या कोपऱ्यावर, फुटपाथ अगदीच अरुंद आहे. पण लहानसं पिल्लू मावेल.