दिवाळी तीन आठवड्यांवर: कुत्र्याची तयारी आजच सुरू करा

घरात कुत्रा असलेल्या प्रत्येक कुटुंबाला हे तातडीचं आवाहन.

वसुबारसेला जेमतेम तीन आठवडे उरलेत. दर वर्षी तेच होतं. पहिला सुतळी बॉम्ब फुटतो, कुत्रा पट्ट्याला हिसडा देऊन पळतो आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर ‘हरवला आहे’ म्हणून फोटो फिरू लागतात. काही सापडतात, काही गाडीखाली येतात. माणसाला 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण 45 हजारांपर्यंत. त्यात हा आवाज कशाचा आणि थांबणार कधी, हे कळायला त्याला मार्ग नसतो. अशा वेळी तो घरच्या माणसांकडे बघतो. पळत सुटायचं की त्यांच्या पायाशी येऊन बसायचं, हे बरंचसं तुम्ही एरवी काय शिकवलंय त्यावर ठरतं. धनत्रयोदशीला ते शिकवायला वेळ उरणार नाही.

शब्द ठरवा. बाबा ‘सिट’ म्हणतात, आजी ‘बस रे’ म्हणते, दादा ‘डाऊन’ म्हणून ओरडतो आणि ऐकलं नाही म्हणून बोलणी खातो तो कुत्रा. ‘ये’, ‘बस’, ‘थांब’, ‘जागेवर’ एवढे चार शब्द पुरेत. कागदावर लिहून फ्रिजला लावा. शब्द एकदाच म्हणा, साध्या आवाजात. त्यानं ऐकलं की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊचा बारीकसा तुकडा. नियमही सगळ्यांचा एकच हवा. सोफ्यावर चढायची मनाई असेल, तर नातवानंही लाडानं चढवायचं नाही.

जागा द्या. रस्त्यापासून लांबच्या, आतल्या खोलीत जुनी गोधडी अंथरा. रोज दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं ‘जागेवर’चा सराव करा. तिथे त्याला मुलांनी छेडायचं नाही आणि शिक्षा म्हणून कुणी कोंडायचंही नाही.

आवाजाची सवय करा. फटाक्यांचं रेकॉर्डिंग मोबाईलवर अगदी बारीक आवाजात लावा आणि सोबत खाऊ द्या. तो निवांत खात राहिला, तर दोन-तीन दिवसांनी आवाज किंचित वाढवा. ओठ चाटणं, उगाच जांभया, पायांत शेपूट, धाप यातलं काही दिसलं की लगेच कमी करा. दर दिवाळीला थरथरणाऱ्या कुत्र्याला याच आठवड्यात पशुवैद्यांकडे न्या. औषध लागलं तर ते आधी देऊन बघावं लागतं. माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका.

मारू नका. ‘मालक कोण ते दाखवावंच लागतं’ हा सल्ला कोंडून ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांतून आला. संशोधक रुडॉल्फ शेंकेल यांनी ती निरीक्षणं 1947 मध्ये मांडली. लांडगे लढून कळपाचा म्होरक्या होतात, ही त्यातली कल्पना संशोधक डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकानं सर्वदूर नेली, पण रानातले लांडगे पाहिल्यावर 1999 मध्ये डेव्हिड मीच यांनीच ती खोडून काढली. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. मार खाल्लेला कुत्रा शांत होत नाही, तो तुम्हालाही घाबरू लागतो. गुरगुरणं हा त्याचा इशारा असतो. तोही दटावून बंद केलात, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. घाबरून जवळ आला तर खुशाल जवळ घ्या, त्यानं तो भित्रा होत नाही. आणि लक्षात ठेवा, कुत्र्याला मारहाण करणं किंवा कायम साखळीला बांधून ठेवणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

दिवाळीच्या दिवसांत अंधार पडण्याआधी फिरवून आणा. बाहेर पट्टा क्षणभरही सोडू नका, गळपट्ट्यावर फोन नंबर हवाच. संध्याकाळी खिडक्या बंद करा, पडदे ओढा, टीव्ही चालू ठेवा. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या वेळी त्याला बाहेर नेऊ नका. फराळाची ताटं उंचावर ठेवा, कारण लाडवातले बेदाणे आणि पाहुण्यांचं चॉकलेट कुत्र्यासाठी विष आहे.

ज्यांच्या घरी कुत्रा नाही, त्यांनाही विनंती. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाच्या फटाक्यांवर सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्येच बंदी घातली आहे. पहाटेचा बॉम्बही तिच्यात येतो. कुत्र्याच्या शेपटीला लवंगी बांधणाऱ्या पोरांना तिथल्या तिथे अडवा. जिन्याखाली आसरा घेतलेल्या भटक्या कुत्र्याला ते चार दिवस हुसकू नका.

आज रात्री जेवणाआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा, चार शब्द ठरवा आणि पहिला पाच मिनिटांचा सराव करून टाका. उद्या हे आवाहन सोसायटीच्या फलकावर लावा.