वरून लावायचं, त्यात काय?

शुक्रवारी रात्री स्वारगेटहून एसटी पकडायची, साताऱ्यात उतरायचं आणि दोन दिवस आईच्या हातचं खाऊन लोळायचं, हा माझा ठरलेला वीकएण्ड. गेल्या महिन्यात मात्र घरात शिरलो आणि लक्ष गेलं ते बाबांच्या हातांकडे. जागोजागी काळेनिळे डाग!

‘कुठं धडकलात?’

‘कुठं नाही रे. आपोआप आलेत.’

वर दात घासताना हिरड्यांतून रक्त.

बाबांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. रक्ताची गुठळी होऊन झटका येऊ नये, म्हणून ते रक्त पातळ करायची गोळी घेतात, वॉर्फरिन. हे औषध १९४८ मध्ये अमेरिकेत चक्क उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं! डोसचं गणित किती नाजूक, ते यावरून ओळखा. ते जुळतंय ना, हे ‘आयएनआर’ तपासणीत कळतं. बाबांचा आकडा २ ते ३ मध्ये हवा. शनिवारी आला ५.४.

डॉक्टरांनी विचारलं, ‘नवीन औषध काही?’ बाबा ठामपणे म्हणाले, ‘नाही.’ तेवढ्यात आई हळूच म्हणाली, ‘अहो, ते गुडघ्याचं?’

झालं होतं असं, की सांगलीची आत्या येताना भडंग आणि मलमाची ट्यूब घेऊन आली होती. ‘दादा, लावून तर बघ की. वरून लावायचं, त्याला काय होतंय?’ बाबांनी पंधरा दिवस दोन्ही गुडघ्यांना चार-चार वेळा चोळलं, वर गरम पाण्याची पिशवी!

ट्यूबवर लिहिलेलं, गंधपुरा तेल. त्यात असतं मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे अ‍ॅस्पिरिनचं चुलत भावंड. ते कातडीतून रक्तात उतरतं. भरपूर चोळलं, शेक दिला, की आणखी जास्त. मग वॉर्फरिनचा जोर वाढतो. डायक्लोफेनॅकचं जेल गोळीपेक्षा खूप कमी भिनतं, पण तेही विचारूनच लावायचं. आणि आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्या घेणाऱ्यांनीही गाफील राहू नये.

डॉक्टरांनी ट्यूब बंद केली, वॉर्फरिन दोन दिवस थांबवून पुन्हा सुरू केली आणि बजावलं, ‘गोळी स्वतःच्या मनानं कधीच बंद करायची नाही, गुठळीचा धोका असतो.’ काळी शौच, लघवीतून रक्त किंवा डोक्याला मार, यातलं काहीही झालं तर थेट हॉस्पिटल.

आपण ऑफिसातून फोन करतो, ‘औषध घेतलंत का?’ मंडळी, यापुढे ‘काय चोळताय?’ हेही विचारा.

मी लगेच सांगलीला फोन लावला. सगळं ऐकून आत्या जरा गप्प झाली. मग म्हणाली, ‘अरे, तुझे काका पण तीच ट्यूब लावतात. त्यांची ती रोजची छोटी अ‍ॅस्पिरिन... ती यात धरायची का?’

‘धरायची, आत्या. उद्याच डॉक्टरांकडे जा. आणि ट्यूब सोबत ने.’