घरच्या शाळेमागचं कारण

मुलाला शाळेतून काढून घरी शिकवणाऱ्या पालकांना हट्टी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण कुणाच्या मुलाला ‘मठ्ठ’ ठरवून मागच्या बाकावर बसवलेलं असतं, कुणाला संगीताच्या रियाजाला वेळ हवा असतो. केवळ प्रवेश परीक्षेच्या क्लाससाठी शाळा सोडवणं मात्र गृहशिक्षण नव्हे.

मुंबईच्या मालविका जोशीला २०१६मध्ये अमेरिकेतल्या ‘एमआयटी’ने प्रवेश दिला तो संगणक ऑलिंपियाडमधल्या पदकांमुळे, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र तिच्याकडे नव्हतं. तिला घरी शिकवायला आईने नोकरी सोडली होती. ही किंमत बहुधा आईच मोजते, आणि मुलाचं मत क्वचितच विचारलं जातं.

२००९चा शिक्षणहक्क कायदा घरच्या शिक्षणाबाबत मौन बाळगतो. सरकारने घरी शिकणाऱ्या मुलांची निदान नोंद ठेवावी.