आज वाटेत काय दिसलं?

मोखाड्यातल्या एका पाड्याच्या शाळेवर रुजू झाले, त्या वर्षी जुलैत चौथीच्या मुलांना 'पावसाळा' हा निबंध दिला. बावीस वह्या आल्या आणि बावीसही वह्यांत एकच पाऊस पडत होता. मोर पिसारा फुलवून नाचत होता, धरणीने हिरवा शालू नेसला होता, मुलं कागदाच्या होड्या सोडत होती. माझ्या वर्गातलं एकही मूल होड्या सोडत नव्हतं. ती आईबापाबरोबर उतारावर नागलीच्या आवणीला जात होती, ओहोळात दगड उलटून खेकडे धरत होती. त्यातलं काही वहीत उतरलं नाही, कारण ते लिहिण्याजोगं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही शिक्षकांनीही नाही.

पुढच्या वर्षी शाळा उघडली तेव्हा मी फळ्यावर विषयाऐवजी प्रश्न लिहिला : आज वाटेत काय दिसलं?

एका मुलीने चार ओळी लिहिल्या. शेवळा उगवला. पाऊस अजून धरला नाही. आजी म्हणाली, ढग गरजले म्हणून तो वर आला. भाजीत काकड घातले नाहीत तर घसा खाजतो.

मी साताऱ्याकडची. शेवळा मी पाहिलेला नव्हता. काकड हे आंबट फळांचं झाड आहे, हेही मला ठाऊक नव्हतं. शाळा सुटल्यावर तिच्या आजीने मला बांधावर नेलं आणि जमिनीतून सरळ वर आलेला तो जांभळट कोंब दाखवला. चार ओळींत वनस्पती होती, तिची वेळ होती, ती खायची रीत होती आणि हे सगळं जाणणारं माणूसही होतं. त्या दिवसापासून वर्गात एक नोंदवही सुरू केली. तिचे नियम तीन. तारीख आणि जागा लिहायची. स्वतः पाहिलं ते 'पाहिलं' आणि ऐकलं ते 'ऐकलं' असं वेगळं लिहायचं. नाव घरी म्हणतात तेच लिहायचं. पुस्तकातलं नाव नंतर शोधू.

हे नियम कशासाठी, ते मुलांना समजावं म्हणून मी रानपिंगळ्याची हकिगत सांगते. १८८४ साली खानदेशात या लहानशा घुबडाचा नमुना मिळाला आणि मग तो दिसेनासा झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली तापीकाठी मांडवीला तो मिळाल्याचं सांगितलं. ते खोटं होतं. संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्याने त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली. ती नोंद बाजूला सारून, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरून शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. २०१४ साली तो आमच्या दक्षिणेला तानसाच्या जंगलातही दिसला. एक खोटी चिठ्ठी किती काळ दिशाभूल करू शकते आणि एक खरी नोंद शतकानंतरही कशी कामी येते, हे यातून मुलांना कळतं.

पण एकदा एका मुलाने विचारलं, "बाई, एकशे तेरा वर्षं तो तिथल्या कुणालाच दिसला नाही?"

या प्रश्नाने मी अंतर्मुख झाले. रानपिंगळा दिवसाढवळ्या वावरणारा पक्षी आहे. सातपुड्यात गुरं चारणाऱ्यांना, मोह वेचणाऱ्यांना तो दिसतच असणार. पण पाहणाऱ्यांच्या हाती वही नव्हती आणि वही असणाऱ्यांनी त्यांना विचारलं नाही.

आमच्या भागाचंही असंच आहे. १९९२ साली वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, तेव्हापासून जव्हार-मोखाडा म्हटलं की कुपोषण हाच शब्द छापला जातो. ते दुःख खरं आहे आणि ते छापलंच पाहिजे. पण इथल्या माणसांना काय नाही, एवढंच आजवर लिहिलं गेलं. त्यांना काय ठाऊक आहे, ते कोण लिहिणार? मारुती चितमपल्ली यांनी रानात राहणाऱ्यांकडून शब्द आणि पाखरांच्या खुणा गोळा केल्या, म्हणून मराठी श्रीमंत झाली. आता ज्यांच्याकडून ते धन आलं, त्यांच्या लेकरांनी स्वतः लिहिलं पाहिजे.

अडचण आहे ती नोंदवहीची पानं कोरी राहण्याची. दिवाळीनंतर निम्मे पाडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मुलंही जातात. एका मुलाला मी वही बरोबर दिली होती. पावसाच्या तोंडावर तो परतला, तेव्हा तीत एकच नोंद होती : 'भट्टीवर मोहाचं झाड नाही. मोह कधी पडला ते कळलं नाही.' या दोन वाक्यांत स्थलांतराने काय हिरावलं जातं ते सगळं आहे. नुसता अभ्यास बुडत नाही, ऋतूही बुडतो. आजीकडून नातवाकडे जायचं ज्ञान त्याच सहा महिन्यांत तुटतं.

अशा नोंदींसाठी कायदाही आहे. २००२च्या जैविक विविधता कायद्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी, असं ठरलं. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना लोकांवरच्या विश्वासातून मांडली होती. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातल्यावर देशभर या वह्या घाईने भरल्या गेल्या. घाईने भरलेल्या वहीत नावांची यादी येते. शेवळा पावसाआधी किती दिवस उगवला, यंदा काजवे कमी का वाटले, कोणत्या ओहोळातले खेकडे आटले, हे येत नाही. त्यासाठी रोज त्याच वाटेने चालणारे पाय लागतात, आणि ते शाळेच्या मुलांचे आहेत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रत्येक शाळेने एक नोंदवही ठेवावी. जव्हार-मोखाड्यात आदिवासी भागांसाठीचा पेसा कायदा लागू आहे, ग्रामसभेला मान आहे. दर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मुलांनी आपल्या नोंदी वाचाव्यात, म्हाताऱ्यांनी त्या दुरुस्त कराव्यात आणि ग्रामपंचायतीने त्या लोकनोंदवहीत उतरवून घ्याव्यात. जी मुलं भट्टीवर जातात, त्यांच्या दप्तरात एक कोरी वही द्यावी आणि ती परतल्यावर वाचावी.

आणि वाचकहो, आज संध्याकाळी आपल्या घरच्या मुलाला निबंधाचा विषय देऊ नका. फक्त विचारा, आज वाटेत काय दिसलं? मग ते तारखेसह लिहून ठेवायला सांगा.