अकबरीला कुणी विचारलं का?

मे महिन्याच्या सुट्टीत मी चार कादंबऱ्या वाचल्या. डेप्युटी नझीर अहमद यांची 'मिरातुल उरूस', हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!', मिर्झा हादी रुसवांची 'उमराव जान अदा' आणि इस्मत चुगताईंची 'टेढी लकीर'. पहिली लहानपणापासून पाठ. दुसरी बी.एड.च्या वर्षात अर्धवट सोडलेली. तिसरीचा फक्त सिनेमा पाहिलेला. चौथी कपाटात होती, पण हात लावला नव्हता. चारही एका पाठोपाठ वाचायचं कारण माझ्या दहावीतली एक मुलगी.

फेब्रुवारीत सराव परीक्षा संपल्या होत्या. शेवटच्या तासाला मुलींना काही तरी सांगावं म्हणून मी अकबरी-असगरीची गोष्ट काढली. उर्दू घरांत ही गोष्ट सांगावी लागत नाही, ती हवेतच असते. दिल्लीतल्या दोन बहिणी, दोन भावांना दिलेल्या. थोरली अकबरी आजीच्या लाडाने बिघडलेली, आळशी, भांडखोर. धाकटी असगरी शिकलेली, हिशेबी, गोड बोलणारी. एकीने घर मोडलं, दुसरीने घर उभं केलं. माझ्या अम्मीने माझ्या लग्नात जहेजच्या पेटीत हे पुस्तक ठेवलं होतं. मी गोष्ट संपवली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "तुम्हाला कोण व्हायचंय?" सगळ्या म्हणाल्या, असगरी. दुसऱ्या बाकावरची एक म्हणाली, "टीचर, अकबरी को किसी ने पूछ्या क्या?"

मी म्हटलं, हे परीक्षेत येणार नाही, बस खाली.

एप्रिलमध्ये कळलं की निकाल काहीही लागो, ही मुलगी अकरावीला जाणार नाही. मी घरी गेले. तिची अम्मी गुडघ्यांनी बेजार. दोन लहान भाऊ, एक आजी अंथरुणावर. अब्बू टेम्पो चालवतात. वाईट माणसं अजिबात नाहीत. मुलीचं कौतुक करता करता दोघं थकत नव्हती. पहाटे उठते, चपात्या करते, आजीचं सगळं बघते, भावांचा अभ्यास घेते, दुकानाचा हिशेब तोंडी करते. "टीचर, ही आहे म्हणून आमचं घर चाललंय," अब्बू म्हणाले. आणि म्हणूनच तिला पुढे पाठवायचं नव्हतं. आळशी असती, तोंडाळ असती, तर कदाचित कॉलेजला पाठवून मोकळे झाले असते.

परत येताना मला जाणवलं, ही तर असगरी आहे. मी पंचवीस वर्षं जी मुलगी घडवायचा प्रयत्न करते आहे, तीच ही. आणि तिच्या गुणांनीच तिची वाट अडवली आहे.

म्हणून घरी आल्यावर पेटीतलं पुस्तक काढलं.

'मिरातुल उरूस' 1869 साली आली. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. नझीर अहमद शाळाखात्यात होते आणि आपल्या मुलींना वाचायला काही धड मिळत नाही म्हणून त्यांनी ती थोडी थोडी लिहून त्यांना दिली. पुढे सरकारने तिला हजार रुपयांचं इनाम दिलं. त्या काळात मुलीने पत्र लिहावं, हिशेब ठेवावा, लबाड मोलकरणीची चोरी कागदावर पकडावी, घरातच मुलींची शाळा चालवावी, असं लिहिणं ही धाडसाची गोष्ट होती. त्यांचं हे ऋण मी मानते. उर्दू घरांतल्या कितीतरी मुलींच्या हातात पहिल्यांदा पुस्तक आलं ते याच पुस्तकामुळे.

पण यावेळी मी अकबरीच्या बाजूने वाचलं. तिचे गुन्हे काय? तिला वेगळं बिऱ्हाड हवं आहे. गल्लीतल्या हलक्या समजल्या जाणाऱ्या घरांतल्या मुली तिच्या मैत्रिणी आहेत आणि ते सासरी खपत नाही. तिला स्वयंपाक येत नाही, कारण कुणी शिकवलाच नाही. एक लबाड बाई गोड बोलून तिचे दागिने पळवते. यातला कोणता दोष असा आहे की ज्यासाठी दीडशे वर्षं एका पोरीचं नाव शिवीसारखं वापरावं? आमच्या मोहल्ल्यात आजही एखादी सून उशिरा उठली की म्हणतात, आली अकबरी. आणि असगरीची सगळी विद्या कुणाच्या कामी येते? सासूच्या, सासऱ्याच्या, नवऱ्याच्या नोकरीच्या. तिला स्वतःला काय हवं होतं, हे अख्ख्या पुस्तकात कुणी विचारत नाही. म्हणजे विचारलं दोघींनाही नाही. फरक इतकाच की एकीला शाबासकी मिळाली.

मग आपट्यांकडे वळले. हरिभाऊंनी ही कादंबरी 1890 पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः छापली आणि 1893 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. पुण्याच्या ब्राह्मण घरातली यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. बी.एड.ला असताना मला ती परकी वाटली होती. सोवळं-ओवळं, केशवपन, हे आपलं नाही म्हणून मी पुस्तक मिटलं होतं. आता वाचताना एकही घर परकं वाटलं नाही. यमूही गुणी आहे. नवरा तिला वाचायला शिकवतो, मुंबईला नेतो, काही दिवस ती मोकळा श्वास घेते. आणि नवरा जातो तेव्हा तिचं शिक्षण, तिचा चांगुलपणा, काहीही तिच्या कामी येत नाही. तिचे केस जबरदस्तीने उतरवले जातात. असगरीच्या गोष्टीत चांगल्या मुलीचं चांगलं होतं. आपटे सांगतात, चांगल्या मुलीचंही असं होऊ शकतं, कारण तिच्या आयुष्याची दोरी तिच्या हातात नाही. पुस्तकाच्या नावातला प्रश्न आणि माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न यात मला फारसं अंतर दिसलं नाही.

'उमराव जान अदा' 1899 ची. तीसुद्धा एका बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली, लिहिणारा मात्र पुरुष. फैजाबादची अमीरन लहानपणी पळवली जाते आणि लखनौच्या कोठ्यावर विकली जाते. सिनेमात गाणी आणि पोशाख लक्षात राहतात. पुस्तकात मला थांबवलं ते दुसऱ्याच एका गोष्टीने. अमीरनबरोबर आणखी एक पळवलेली मुलगी विकली गेली होती, रामदेई. तिला एका नवाबाच्या घराण्याने विकत घेतलं. पुढे ती त्याच घरात बेगम झाली. वर्षांनी दोघी भेटतात, एक बेगम, एक तवायफ. दोघींच्या गुणांत काही फरक नव्हता. फरक होता तो कोणत्या दारात उतरवलं याचा. उमराव मौलवीसाहेबांकडे शिकली, शेर लिहू लागली, पण फैजाबादला परतली तेव्हा सख्ख्या भावाने तिला घरात घेतलं नाही. आपण मुलींना सांगतो, तुझं नशीब तुझ्या वागण्यात आहे. रुसवा म्हणतात, जरा दाराकडेही बघा.

इस्मत आपांची 'टेढी लकीर' या तिघींपेक्षा वेगळी, कारण इथे लिहिणारी बाई आहे. इस्मत आपा आमच्याच पेशाच्या. बी.ए., बी.टी. केलेल्या, मुंबईत शाळा-निरीक्षक होत्या. बी.टी. म्हणजे आजचं बी.एड. त्यांची शम्मन मोठ्या खटल्यात नको असताना जन्मलेली, आयाच्या अंगावर वाढलेली, हट्टी, चुकणारी, शिकणारी, पुढे शाळेची मुख्याध्यापिका होणारी. ती अकबरीही नाही आणि असगरीही नाही. तिचे सगळे निर्णय मला पटले नाहीत. काही ठिकाणी मी पुस्तक बाजूला ठेवलं. पण चार पुस्तकांत हीच एक मुलगी अशी की जिचा राग लेखिकेने जसाच्या तसा ऐकून घेतला आहे, तिला लगेच शहाणपण शिकवलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या समाजात मुलींच्या शिक्षणाच्या बाजूने बोलताना आपण अजूनही नझीर अहमद यांचीच भाषा बोलतो. मुलगी शिकली तर घर सुधारेल, मुलं सुधारतील, पिढी घडेल. जलशांत, लग्नांत, शाळेच्या गॅदरिंगला मी स्वतः हे बोलले आहे. हे खोटं नाही. पण या युक्तिवादात एक धोका आहे. शिक्षण घरासाठीच असेल, तर घराला जेवढं पुरे तेवढंच ते मिळणार. दहावीपर्यंतच्या शिक्षणात घर छान चालतं. मग अकरावी कशाला? त्या अब्बूंनी मला हेच विचारलं, आणि माझ्याच भाषणांमुळे माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर एकच आहे, तिला शिकायचं आहे म्हणून. आपल्या दीनमध्ये इल्म मर्द आणि औरत दोघांवर फर्ज आहे असं आपण सांगतो. मग त्याला घरकामाच्या उपयोगाची अट कुठून आली?

दुसरी गोष्ट माझ्या पेशाची. मी एकाच वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, पण इतक्या वर्षांत यमू आणि असगरी यांची गाठ कधी घालून दिली नाही. मराठी आमच्या मुलींसाठी मार्कांचा विषय राहिला. आमच्या तालुक्यात उर्दू माध्यमाची अकरावी नाही, मराठी माध्यमात जावं लागतं, आणि निम्म्या मुली त्या भीतीनेच थांबतात. यमूची गोष्ट त्यांना आधी भेटली असती, तर ही भाषा त्यांना आपल्यासारख्याच एका मुलीची भाषा वाटली असती. जूनपासून मी वर्गात ती उर्दूत सांगून मराठीत वाचणार आहे. आणि अकबरीकडून तिच्या अम्मीला एक पत्र लिहायला लावणार आहे.

त्या मुलीचा निकाल लागला, 81 टक्के. मी पुन्हा घरी गेले. एस.टी.चा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे, हे सांगितलं. मराठीची तयारी मी करून घेईन म्हटलं. अब्बू बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "एक साल बघू. पण सातच्या गाडीआधी घरातलं सगळं उरकून जायला पाहिजे." मी पटकन हो म्हणाले. मुलगीही हो म्हणाली.

घरी येईपर्यंत ते 'हो' मला टोचू लागलं. एका सोळा वर्षांच्या मुलीने चार वाजता उठून सात जणांच्या चपात्या करायच्या आणि मग शिकायचं, ही अट मी तिच्या वतीने मान्य करून आले होते. तिला विचारलं नव्हतं. घरात दोन भाऊ आहेत, थोरला तेरा वर्षांचा आहे, त्याला कणीक मळता येईल, हे तेव्हा माझ्या तोंडात आलं नाही. पुढच्या आठवड्यात पुस्तकं द्यायला जाणार आहे, तेव्हा सांगेन. आधी तिला विचारून.