रमाबाई, मुक्ती आणि शरणागतीचा गैरसमज

पंडिता रमाबाईंच्या चरित्राचे सर्रास दोन तुकडे केले जातात. एका रमाबाई विदुषी : १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या, १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देणाऱ्या. दुसऱ्या केडगावच्या : देवावर हवाला टाकून बुद्धी गहाण ठेवलेल्या. ही विभागणी सोयीची आहे आणि चुकीची आहे.

त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. मात्र तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, ख्रिस्त गवसला नव्हता, अशी कबुली त्यांनी पुढे १९०७ च्या आत्मनिवेदनात दिली. तारण विद्वत्तेने वा पुण्यसंचयाने मिळत नाही, ते कृपेने मिळते, हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी उमगले.

दरम्यान माणसांचे आधार एकेक करून सुटत होते. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून रानडे आणि भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनची दहा वर्षांची हमी १८९८ मध्ये संपली. पुढे ‘मुक्ती’ चालली ती ठरलेल्या उत्पन्नावाचून, प्रार्थनेच्या भरवशावर.

येथे आक्षेप येतो : पैसा अखेर माणसांनीच दिला ना? दिला. संस्थेची वार्तापत्रे गरजा जगापुढे मांडत होती, हेही खरे. परंतु देणाऱ्याच्या अटींपुढे वाकायचे नाही, हा या विश्वासाचा व्यावहारिक अर्थ होता. देवापुढे नम्र झालेल्या याच बाईने इंग्लंडमध्ये बिशपांच्या अधिकारालाही प्रश्न विचारले होते!

शरणागती म्हणजे निष्क्रियता, हे समीकरण आपल्याकडेही टिकत नाही. परांडा तालुक्यातील सोनारीच्या भैरवनाथाला हात जोडून ‘आता देवाच्या हाती’ म्हणणारा शेतकरी दुसऱ्या दिवशी तिफण सोडून घरी बसत नाही. रमाबाईही बसल्या नाहीत. स्वतःचे आईवडील आणि बहीण दुष्काळकाळात गमावलेल्या त्या, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावात शेती, विणकाम, छपाई उभी राहिली.

आणि गहाण ठेवलेल्या बुद्धीविषयी : उतारवयात, ऐकू येणे मंदावले असताना, रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मूळ भाषांतून मराठीत आणत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तोवर ते काम त्यांनी पुरे केले होते.